स्वयंपाकघरातलं हळदीकुंकू

गोदाताईंच्या निरोपाचं हळदीकुंकू आमच्याच घरी होणार, असं कमलिनीनं मराठी मंडळात ठणकावून सांगितलं, आणि त्याच दमात हेही सांगितलं की मी मात्र स्वयंपाकघरातून बाहेर येणार नाही. आता याला काय म्हणावं? मांडवही हिच्याच दारी आणि रुसवाही हिचाच. मंडळाच्या अध्यक्ष सुनीताताई एरवी कुणाचं ऐकून घेणाऱ्यातल्या नाहीत, पण त्याही "बरं बाई" म्हणून गप्प बसल्या. सीपरी बाजारात मोबाइलच्या दुकानावर कमलिनीचं घर आहे, आणि त्या घरात तिचा शब्द शेवटचा असतो हे साऱ्या झाशीतल्या मराठी माणसांना ठाऊक आहे.

गोदाताई म्हणजे सिस्टर गोदलीव्ह. बेल्जियममधल्या कुठल्याशा कालव्याकाठच्या गावच्या. ऐन तिशीत त्या सिविल लाइंसमधल्या मिशनच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायला आल्या आणि चाळीसएक वर्षं इथंच राहिल्या. गोदलीव्ह हे नाव एकाही मराठी तोंडात बसेना, म्हणून कमलिनीच्या सासूबाईंनी पहिल्याच भेटीत त्यांची गोदावरी करून टाकली. त्या बाईही अशा गोड की दुसऱ्या दिवसापासून त्या नावाला ओ द्यायला लागल्या. आता संस्थेचं बोलावणं आलं होतं. वय झालं, गुडघे गेले, परत या. रथसप्तमी झाली की दिल्लीची गाडी, तिथून विमान.

कमलिनी आणि गोदाताई एकाच हिवाळ्यात झाशीत आल्या होत्या, एक अकोल्याहून नवी सून होऊन आणि दुसरी तिकडून मास्तरीण होऊन. हिंदी दोघींनाही धड येत नव्हतं. कमलिनीला थंडी सोसेना आणि गोदाताईंना उन्हाळा. शाळेतल्या प्रत्येक मुलीच्या घरी जाऊन बसायचं, असा गोदाताईंचा नेम होता. मुलीचं गणित कुठं अडतं ते वहीत नाही, घरात कळतं, असं म्हणायच्या. कमलिनीची धाकटी नणंद त्यांच्या वर्गात होती, तिच्यासाठी म्हणून त्या आल्या आणि मग येतच राहिल्या. कमलिनीचं बी.ए. लग्नापायी अर्धवट राहिलं होतं, ते त्यांनी हात धुऊन मागे लागून पुरं करून घेतलं. सासूबाईंना कसं पटवलं ते एक देव जाणे आणि दुसऱ्या गोदाताई. बदल्यात कमलिनीनं त्यांना पुरणपोळी लाटायला शिकवली, पण ती काही त्यांना शेवटपर्यंत जमली नाही. कडेनं पुरण बाहेर यायचंच.

मिशनरी म्हटल्यावर आधी आधी लोक बिचकायचे. पुढं पुढं त्यांच्यावाचून एक बारसं होईना, एक मंगळागौर जागेना. एकदा कुणी मोठे पादरीसाहेब आले आणि इतक्या वर्षांत किती जणांना आपल्यात आणलंत असं विचारायला लागले. गोदाताई म्हणाल्या, आणलं कुणालाच नाही, पण त्रैराशिक पुष्कळजणींच्या गळी उतरवलं. कमलिनी ही गोष्ट सांगताना दर वेळी हसायची, आणि दर वेळी तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. एवढा जीव होता तिचा त्या बाईवर. मग जिच्या निरोपासाठी एवढा घाट घातला, तिच्याजवळ चार बायकांत जाऊन बसायला काय झालं होतं?

झालं होतं असं की तीन वर्षांपूर्वी कमलिनीचे यजमान मधुकरराव गेले. रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला धट्टाकट्टा माणूस, सकाळी चहा प्यायला आणि खुर्चीतच गेला. त्या वर्षी संक्रांतीला कमलिनी स्वयंपाकघरात बसून राहिली, तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. दुसऱ्या वर्षीही ती आतच. तिसऱ्या वर्षी सून स्वरदा हातापाया पडली. स्वरदा ग्वाल्हेरची, बँकेत नोकरी करणारी, अर्धं मराठी अर्धं हिंदी बोलणारी गुणी पोर. "आई, आजकाल हे सगळं कोण मानतं? चला ना बाहेर, प्लीज." कमलिनी म्हणाली, "मी इथं बरी आहे. तू बघ बाहेरचं." स्वरदानं पुन्हा विचारलं नाही. सासूला आपल्या हातचं कुंकू नको आहे, अशी तिनं मनाशी गाठ मारून घेतली, आणि तेव्हापासून दोघी एकमेकींशी फार जपून बोलायला लागल्या. घरात भांडण झालेलं परवडतं, हे जपून बोलणं फार वाईट.

खरं कारण निराळंच होतं आणि ते कमलिनीनं कुणालाही सांगितलं नव्हतं. तिचा मुलगा विक्रम मालगाडीवर लोको पायलट. रेल्वेच्या लॉबीतून ड्यूटीचा कॉल आला की डबा घेऊन निघायचं, मग कधी बीना, कधी कानपूर. संक्रांत ते रथसप्तमी म्हणजे झाशीत ऐन कोहऱ्याचे, दाट धुक्याचे दिवस. समोरचा सिग्नल जवळ येईपर्यंत दिसत नाही. आणि हळदीकुंकू कशासाठी, तर नवऱ्यांच्या आयुष्यासाठी. बाहेर बसलेल्या बायकांत स्वरदाही असणार, आणि स्वरदाचा नवरा म्हणजे आपला विक्रम. आपण पांढऱ्या कपाळानं त्या बायकांत जाऊन बसलो आणि काही झालं तर? हा विचार वेडगळ आहे हे तिला कळत होतं. दुसऱ्या कुणी बोलून दाखवला असता तर तिनं त्या बाईला तासभर सुनावलं असतं. पण शहाणपण असतं ते दुसऱ्यांच्या मुलांसाठी. स्वतःच्या मुलाची वेळ आली की आई कुणाचंही ऐकते, भीतीचं तर सगळ्यात आधी.

हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी दुपारी गोदाताई ई-रिक्षानं आल्या आणि जिना चढून धापा टाकत थेट स्वयंपाकघरात गेल्या. कमलिनी तिळगुळाचे लाडू वळत होती. पाक गरम असतानाच वळावे लागतात, म्हणून तळहात लाल झाले होते. गोदाताई प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या, तळव्याला तूप लावलं आणि न विचारता वळायला लागल्या.

"उद्या तू माझ्याजवळ बसणार ना, कमल?"

"नाही."

"बरं," म्हणून गोदाताईंनी दुसरा लाडू घेतला. ही त्यांची शिकवायची रीत. उत्तर चुकलं तरी चूक म्हणायचं नाही, नुसतं शेजारी बसून राहायचं. झाशीतल्या निम्म्या मुली या बसण्याला घाबरायच्या.

कमलिनीनं बराच वेळ तग धरला. मग म्हणाली, "तुम्ही कितीही वेळ बसा, मी बाहेर येणार नाही. आपली रीत नाही ती."

"रीत?" गोदाताई म्हणाल्या. "तुझ्या सासूबाईंनी मला विधवा ठरवलं होतं, ते ठाऊक आहे तुला?"

कमलिनीचा हात थांबला. "कुणाला, तुम्हाला?"

"मला. पहिल्या संक्रांतीला." गोदाताईंनी बोटातली साधी अंगठी दाखवली. व्रत घेतलेल्या सिस्टरांना मिळते ती. "ही त्यांनी पाहिली. मला विचारलं, यजमान कुठं असतात? मला तेव्हा किती भाषा येत होती? मी म्हटलं मनात, यांना आता देवाशी लग्न कसं समजवायचं. मी आपलं बोट वर केलं." त्यांनी लाडवाचं बोट छताकडे केलं. "झालं. तुझ्या सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी. म्हणाल्या, अगं बाई, एवढ्या लहान वयात. मला जवळ घेतलं, मूठभर जास्तीचा तिळगूळ दिला, आणि हाताला धरून आत नेऊन बसवलं. त्यांच्या मुदपाकखान्यात."

दोन शेगड्यांच्या स्वयंपाकघराला सासूबाई मुदपाकखाना म्हणायच्या. जुन्या घराण्यातल्या होत्या, माणिक चौकातून इथं राहायला आल्या तरी शब्द तेच. कमलिनीला हसू आलं आणि कसंनुसंही झालं. इतकी वर्षं तिला वाटत होतं की गोदाताई ख्रिस्ती म्हणून संकोचानं आत जाऊन बसतात.

"मग तुम्ही त्यांना खरं सांगितलं नाहीत?"

"सांगणार होते. वर्षभरात मला कळलं होतं सगळं. पण आत बकुळआत्या बसलेली असायची."

बकुळआत्या म्हणजे मधुकररावांची आत्या. विशीत विधवा झालेली, भावाच्या घरी राहिलेली. हळदीकुंकवाच्या दिवशी तिनं आत बसून तीळ भाजायचे, असंच चालत आलं होतं.

"मी खरं सांगितलं असतं तर मला दिवाणखान्यात खुर्ची मिळाली असती," गोदाताई म्हणाल्या, "आणि ती आत एकटी राहिली असती. तिचा भागाकार शिकायचा राहिला होता अजून. मग मी म्हटलं, असू दे. पुन्हा कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही."

भागाकारानंतर बकुळआत्या अपूर्णांक शिकली, मग हिंदी पत्रं लिहायला शिकली, आणि शेवटी शाळेच्या वसतिगृहात मुलींची देखरेख करायला नोकरीला लागली. पहिल्या पगाराची साडी तिनं भावजयीला नेसवली होती. ते सगळं कमलिनीच्या डोळ्यांसमोर झालं होतं, फक्त ते कुठून सुरू झालं ते तिला आज कळत होतं.

"दुसऱ्या वर्षापासून आम्ही दोघी ताटं घेऊन बाहेर जायला लागलो," गोदाताई म्हणाल्या. "तुझ्या सासूबाई आमच्याकडे बघायच्या आणि मग खिडकीकडे बघायच्या. त्यांच्या हिशेबी दोन विधवा फिरत होत्या त्या दिवाणखान्यात, इतकी वर्षं. एकाही बाईच्या नवऱ्याला साधं पडसंही झालं नाही, कमल."

कमलिनीनं हातातला लाडू ताटात ठेवला. मग तिला राहवेना. "त्यांच्या नवऱ्यांचं सोडा हो. माझा विक्रम गाडीवर असतो."

एकदा बोलल्यावर मग सगळंच बाहेर आलं. कोहरा, सिग्नल, रात्री वाजणारा फोन, आणि आपल्या कपाळाची भीती. बोलून झाल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली. गोदाताईंनी तिला समजावलं नाही की त्या हसल्याही नाहीत. हात पुसत त्यांनी एवढंच विचारलं, "हे स्वरदाला सांगितलंस?"

"तिला कशाला? पोर घाबरेल उगीच."

"बरं," गोदाताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी कोहरा दुपारपर्यंत उठला नाही. विक्रमला पहाटेच कॉल आला होता. चार वाजता बायका यायला लागल्या. कुणी सीपरीतून, कुणी रेल्वे कॉलनीतून, कुणी सिविल लाइंसमधून, शालींवर शाली पांघरून आणि काठापदराच्या साड्या त्याखाली लपवून. दिवाणखान्यात स्वरदानं सगळं छान मांडलं होतं. हलव्याची वाटी, अत्तर, गुलाबपाणी, वाणाला स्टीलची गाळणी, आणि मधोमध गोदाताईंसाठी गादीची खुर्ची, तिला झेंडूची माळ.

गोदाताई आल्या. पांढऱ्या साडीवर राखी स्वेटर, हातात काठी. सगळ्यांना नमस्कार केला, खुर्चीकडे पाहून "फार सुंदर" म्हणाल्या आणि तिच्यावरून पुढं सरळ आत गेल्या. कमलिनी ओट्यापाशी दूध आटवत उभी होती. गोदाताईंनी प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि तिच्याशेजारी बसल्या.

"अहो, तुम्ही इथं काय करताय? बाहेर सगळ्या वाट बघताहेत."

"मला या खोलीची सवय आहे," गोदाताई म्हणाल्या. "तू आत, तर मी आत."

उत्सवमूर्तीच उठून गेल्यावर बायकांनी काय रिकाम्या खुर्चीला हळद लावायची? आधी सुनीताताई आत आल्या, जाब विचारायच्या तयारीनं. गोदाताईंनी त्यांना "ये, बस" म्हटलं. सुनीताताई त्यांची जुनी विद्यार्थिनी, गणितात दोनदा नापास झालेली. त्या मुकाट्यानं फ्रिज आणि पिठाच्या डब्यामध्ये जागा करून उभ्या राहिल्या. मागून मंडळातली कल्याणी आली, शाल्मली आली, एकजण सिलिंडरवर टेकली, दोघी दारात अडकल्या. त्या एवढ्याशा स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा उरली नाही. कमलिनीला बाहेर पडायचं म्हटलं तरी पडता आलं नसतं, आणि बायकांत बसायचं नाही म्हणणारी बाई सगळ्या बायकांच्या मधोमध दूध ढवळत उभी होती.

सगळ्यात शेवटी स्वरदा हळदीकुंकवाचं तबक घेऊन आली. बायकांनी अंग चोरून वाट दिली. तिनं गोदाताईंपुढं तबक धरलं.

"आधी घरच्या बाईला," गोदाताई म्हणाल्या.

स्वरदा तशीच उभी राहिली. "आई," ती म्हणाली, "इतके दिवस मी विचारलं नाही, आज विचारते. माझ्या हातचं कुंकू तुम्हाला नको आहे का? माझं काही चुकलं का?"

कमलिनीनं गॅस बंद केला. एवढ्या बायकांपुढं काही बोलायची तिची तयारी नव्हती. पण पोरीचा चेहरा बघून तिला काही लपवता येईना.

"तुझं कसलं चुकणार," ती म्हणाली. "विक्रम गाडीवर आहे गं. या कोहऱ्यात. मी अशी कपाळाची, तुमच्यात येऊन बसले, आणि त्याला काही..."

खालच्या रस्त्यावर ऑटोचे भोंगे वाजत होते. स्वरदा सासूकडे बघत राहिली, जणू इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बघत होती.

"म्हणजे तुम्हालाही भीती वाटते?" ती म्हणाली. "मला वाटायचं, तुम्ही रेल्वेवाल्या घरच्या, तुम्हाला सवय असेल. मला तर कॉल आला की त्याचा फोन येईपर्यंत झोप नाही. मी बाहेर बसून एकटी घाबरत होते, आई. आणि तुम्ही इथं आत एकट्या."

मग तिनं डोळे पुसले, आणि तिचा आवाज एकदम बदलला. ग्वाल्हेरची पोर, ठसका आहेच. "आणि कुंकू माझं आहे ना? त्याची काळजी मी करीन. तुम्ही कपाळ पुढं करा."

कमलिनीला नाही म्हणता आलं नाही. खरं तर तिला नाही म्हणायचंच नव्हतं, कधीपासूनच. तिनं मान पुढं केली. स्वरदानं आधी हळद लावली, मग कुंकू, आणि तिचं बोट सासूच्या कपाळावर जरा जास्तच वेळ राहिलं. विक्रमची गाडी तेव्हा कुठं होती कोण जाणे. भीती गेली नव्हती, दोघींचीही नाही. पण कमलिनीनं सुनेचा हात घट्ट धरला होता आणि तो ती सोडत नव्हती. सुनीताताई फ्रिजकडे तोंड करून नाक शिंकरत होत्या.

मग गोदाताईंना हळदीकुंकू झालं, बाकीच्यांना झालं, तिळगूळ वाटला, गाळणी वाटली, सगळं तिथंच उभ्या उभ्या. शेवटी ओटीची वेळ आली. सवयीनं सुनीताताईंनी नारळ-तांदळाचं ताट उचललं. कमलिनीनं ते त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"द्या इकडे. ही माझ्या घरची माहेरवाशीण आहे."

सुनीताताईंनी दिलं. गोदाताई काठी टेकून उभ्या राहिल्या आणि पदर पसरला. कमलिनीनं खण ठेवला, नारळ ठेवला, हळकुंड-सुपारी ठेवली आणि ओंजळीओंजळीनं तांदूळ घातले. घालता घालता ती रडत होती आणि रडता रडता बजावत होती, "तिकडे थंडीत उघड्या डोक्यानं फिरू नका. दर रविवारी फोन करायचा. चुकवलात तर मी तुमच्या मोठ्या सिस्टरला फोन लावीन, सांगून ठेवते." गोदाताई प्रत्येक वाक्याला मान हलवत होत्या.

ओटी घेतली की माहेरवाशिणीनं त्यातले चार दाणे परत घरात टाकायचे, अशी रीत आहे. घर भरलेलं राहावं आणि तिचं येणं-जाणं राहावं म्हणून. गोदाताईंना कुणी सांगावं लागलं नाही. त्यांनी पदरातून चिमूटभर तांदूळ घेतले आणि कमलिनीच्या ताटात टाकले. मग मूठभर घेतले आणि टाकले. मग आणखी एक मूठ.

"चारच दाणे टाकायचे असतात, गोदाताई," सुनीताताई हळूच म्हणाल्या.

"मला ठाऊक आहे," गोदाताई म्हणाल्या, आणि पुन्हा मूठ भरली. कमलिनी ताट धरून उभी राहिली, तिनं त्यांना थांबवलं नाही. पदरात शेवटी तांदळाचे चारच दाणे उरले. तेवढे गोदाताईंनी गाठीला बांधले.